हरणाऱ्या संघाने ड्राफ्ट पिक देऊन अनुभवी खेळाडू घ्यावेत का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला तुमचा आवडता संघ (नाव तुम्ही दिलेलं नाही, तरी चालेल) गेल्या हंगामात ८२ पैकी २४ सामने जिंकला आणि यंदाही गाडी तिथेच अडली आहे. २२ वर्षांचा एक गार्ड खरोखर चांगला आहे, हा त्याचा तिसरा हंगाम. बाकी सगळी नवखी मुलं. फेब्रुवारीतली ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीची) मुदत जवळ आली आहे आणि अशी चर्चा आहे, की ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीचे तीन पिक (निवडीचे हक्क) देऊन ३१ वर्षांचा एक ऑल-स्टार सेंटर आणि त्याच्यासोबत एक अनुभवी शूटर मिळू शकतो. पहाटे साडेपाचला उठून आणखी किती वर्षं हरतानाच बघायचं, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता दुसऱ्या फेरीच्या पिकना काही किंमत असते का, हेही विचारलंय.

मी अमेरिकेत खेळाडूंचे करार आणि सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) हेच काम करतो. आधी एका संघाच्या कार्यालयात होतो, आता खेळाडूंच्या बाजूने आहे. त्यामुळे असे सौदे कसे जुळतात आणि नंतर कसे उसवतात, हे दोन्हीकडून पाहिलंय. माझं उत्तर सरळ आहे: तुम्ही सांगता त्या अवस्थेतल्या संघाने हा सौदा करू नये. पण याचा अर्थ अनुभवी खेळाडू आणू नयेत, असा अजिबात नाही. इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. अनुभवी माणसं हवीत का, हा एक. त्यांची किंमत कशातून चुकवायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. घोटाळा होतो तो दुसऱ्यात.

आधी हे बघू, की पिक देताना संघ नेमकं काय देतो. आज टेबलावर ठेवलेल्या २०२८ च्या पिकवर कोणताही क्रमांक लिहिलेला नसतो. तो क्रमांक तुमचा संघ त्या हंगामात कसा खेळतो यावर ठरतो. प्लेऑफला न पोचलेले १४ संघ लॉटरीत जातात, पहिले चार क्रमांक सोडतीने निघतात, उरलेले वाईट कामगिरीपासून चांगल्याकडे लागतात, आणि लीगमध्ये सर्वांत जास्त सामने जिंकणारा संघ ३० व्या क्रमांकावर. तोच कागद ३० वा ठरला तर बेंचच्या टोकाला बसणारा एखादा मुलगा, आणि तिसरा ठरला तर दहा वर्षं संघ खांद्यावर घेणारा खेळाडू. बिनशर्त दिलेला पिक म्हणजे सही केलेला कोरा चेक आहे. रक्कम नंतर भरली जाते, आणि ती तुमचे पराभव भरतात.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. चांगल्या संघाचा पिक स्वस्त असतो, कारण तो २५ च्या पुढेच जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. हरणाऱ्या संघाचा पिक सर्वांत महाग असतो. आणि तो देऊन टाकायची घाई नेमकी हरणाऱ्या संघालाच असते. मालक वैतागलेले, प्रशिक्षकाची खुर्ची डळमळीत, स्टेडियम अर्धं रिकामं. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात समोरचा संघ पहिल्यांदा काय विचारतो, हे मी ऐकलंय. तुमचा कोणता खेळाडू देता, हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, कोणत्या वर्षाचा पिक देता? वर्ष जितकं लांबचं, तितका तो खूश. तोवर त्याने तुम्हाला दिलेला खेळाडू थकलेला असेल, हा त्याचा साधा हिशोब.

तुमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचं उदाहरण शिकागो बुल्सचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

मार्च २०२१. बुल्सचे १९ विजय, २४ पराभव. २०१७ नंतर प्लेऑफ नाही. झॅक लाव्हीन त्याच हंगामात पहिल्यांदा ऑल-स्टार झालेला. त्याला साथ हवी म्हणून व्यवस्थापनाने ऑर्लँडोकडून निकोला वुचेविचला आणलं. वय ३०, दोनदा ऑल-स्टार, त्या हंगामात सामन्यामागे २४ हून अधिक गुण आणि ११ हून अधिक रिबाउंड. बदल्यात २१ वर्षांचा सेंटर वेंडेल कार्टर, ओटो पोर्टर आणि पहिल्या फेरीचे दोन पिक दिले: २०२१ चा आणि २०२३ चा. दोन्ही पिकना संरक्षण होतं, पण ते फक्त पहिल्या चार क्रमांकांपुरतं, म्हणजे पिक पहिल्या चारांत निघाला तरच तो बुल्सकडे राहणार होता.

पुढे काय झालं? उरलेल्या हंगामात बुल्स १२ सामने जिंकले, १७ हरले. शेवट ३१-४१ वर झाला आणि प्ले-इनसुद्धा (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीची पात्रता फेरी) हुकली. लाव्हीन कोविडच्या नियमांमुळे त्यातले बरेच सामने बाहेर होता, हे मान्य. पण पिक चारच्या खाली घसरला, आठवा ठरला, आणि ऑर्लँडोने त्यावर फ्रान्झ वॅग्नरला घेतलं. तो आज त्यांच्या संघाचा खांब आहे. २०२३ चा पिक ११ वा निघाला, तोही ऑर्लँडोला गेला.

बुल्सचा पुढचा हंगाम बरा गेला, ते लपवत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी डेमार डेरोझनला आणलं (त्यात पहिल्या फेरीचा आणखी एक पिक सॅन अँटोनियोला गेला), लोंझो बॉल आला, काही काळ संघ ईस्टमध्ये (ईस्ट आणि वेस्ट या लीगच्या दोन विभागांपैकी एकात) अव्वल होता. जानेवारी २०२२ मध्ये बॉलचा गुडघा गेला. ४६-३६, पहिल्या फेरीत मिलवॉकीकडून ४-१ ने हार. त्यानंतरची तीन वर्षं ४०-४२, ३९-४३, ३९-४३. मला या संघाबद्दल सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याच आकड्यांचं. इतके वाईट नाहीत की वरचा पिक मिळावा, इतके चांगले नाहीत की एप्रिलनंतर कुणी त्यांचं नाव घ्यावं. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाव्हीनला दिलं तेव्हा त्या सौद्यात त्यांनी परत काय मिळवलं? डेरोझनसाठी दिलेला स्वतःचाच २०२५ चा पिक.

वुचेविच वाईट खेळाडू होता म्हणून हे झालं नाही. तो जवळपास अपेक्षेप्रमाणेच खेळला. प्रश्न असा होता, की तो आला तेव्हा संघाच्या मध्यभागी असा कुणी नव्हता ज्याच्याभोवती ३० वर्षांच्या सेंटरने लगेच फरक पाडावा. लाव्हीन गुणी होता, पण प्लेऑफमध्ये मालिका जिंकून देणारा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू तो आहे का, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते उत्तर हातात येण्याआधीच किंमत चुकती झाली.

आता याच्या शेजारी फिनिक्स ठेवा. नोव्हेंबर २०२०. सन्स २०१० नंतर प्लेऑफमध्ये नव्हते, मागचा हंगाम ३४-३९. म्हणजे कागदावर हाही हरणारा संघच. त्यांनी ऑक्लाहोमा सिटीकडून ३५ वर्षांच्या क्रिस पॉलला घेतलं आणि दिलं काय, तर केली ऊब्रे, रिकी रुबियो, आणखी दोन तरुण आणि पहिल्या फेरीचा एक पिक, तोही संरक्षित. पुढच्या हंगामात ५१-२१ आणि १९९३ नंतर पहिल्यांदा अंतिम फेरी. त्याच्या पुढच्या हंगामात ६४-१८, लीगमध्ये सर्वोत्तम. म्हणून दिलेला २०२२ चा पिक कितवा ठरला? तिसावा, पहिल्या फेरीतला शेवटचा.

हा फरक पॉल वुचेविचपेक्षा मोठा खेळाडू होता म्हणून पडला, असं सहज म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहेच. पण मी तीन वेगळ्या गोष्टींकडे बघतो. एक, डेव्हिन बुकर. २४ वर्षांचा, आणि २०२० मध्ये कोविडमुळे 'बबल'मध्ये, म्हणजे एकाच बंदिस्त जागी, झालेल्या आठही सामन्यांत संघाला विजयी करून त्याने स्वतःबद्दलचा प्रश्न निकालात काढला होता. डीआंड्रे एटन आणि मिकाल ब्रिजेससुद्धा तयार होत आले होते. संघ कागदावर हरणारा होता, पण वळणावर आला होता. दोन, किंमत. पॉलचं वय आणि वर्षाला ४ कोटी डॉलरहून मोठा पगार बघून इतर संघ बिचकत होते, म्हणून पिक एकच लागला. तीन, पॉल जे करतो ते संघात कुणालाच येत नव्हतं: शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू कुणाकडे, कधी, हे ठरवणं. वुचेविचचे बरेचसे गुण असे होते जे लाव्हीन आधीच मिळवत होता.

त्याच फिनिक्सने फेब्रुवारी २०२३ मध्ये केविन ड्युरंटसाठी ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार बिनशर्त पिक दिले. २०२४-२५ मध्ये संघ ३६-४६ वर अडकला, प्लेऑफ हुकली, आणि त्या चारपैकी २०२५ चा पिक दहावा ठरला. ड्युरंट तेव्हाही उत्तम खेळत होता. त्याच्याभोवतीचे चांगले साथीदार मात्र संपले होते.

तुमच्या सौद्यात तीन पिक आहेत, म्हणून इथे एक नियम सांगायलाच हवा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टेड स्टेपियन मालक असताना क्लीव्हलँडने सलग अनेक वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन टाकले. त्यातल्या दोन पिकवर डॅलसने १९८४ मध्ये सॅम पर्किन्स आणि १९८६ मध्ये रॉय टार्पली घेतला. त्यानंतर लीगने नियम केला, की पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचा पिकच नाही, अशी स्थिती कोणत्याही संघाने आणायची नाही. स्टेपियनच्याच नावाने तो ओळखला जातो.

हा नियम संघाला वाचवतो असं सगळे म्हणतात. पण तुमच्या बाबतीत त्याचा उलटा परिणाम बघा. तुम्हाला स्वतःचे तीन पिक द्यायचे असतील तर ते एकाआड एक वर्षांचेच द्यावे लागतील. यंदाचा धरला तर दुसरा दोन वर्षांनी, तिसरा चार वर्षांनी. मधल्या वर्षांसाठी समोरचा संघ अदलाबदलीचा हक्क मागेल, म्हणजे दोघांपैकी ज्याचा पिक वरचा तो त्याला. आज ३१ चा असलेला सेंटर शेवटचा पिक जाईल तेव्हा ३५ चा असेल, आणि बहुधा तुमच्याकडे नसेल. खेळाडूचं आयुष्य दोन-तीन हंगामांचं आणि हप्ते पाच हंगामांचे, असा हा व्यवहार आहे.

ब्रुकलिनने २०१३ मध्ये हेच केलं. ३७ वर्षांचा केविन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स यांच्यासाठी बॉस्टनला २०१४, २०१६, २०१८ चे पिक आणि २०१७ मध्ये अदलाबदलीचा हक्क. ब्रुकलिन तेव्हा हरणारा संघ नव्हता, ४९ सामने जिंकून आला होता. तरी पहिल्या हंगामात ४४-३८ आणि प्लेऑफमध्ये एक मालिका, एवढंच हाती आलं. २०१६ चा पिक तिसरा ठरला, त्यावर जेलन ब्राउन. २०१७ मध्ये ब्रुकलिन २०-६२ वर होतं, अदलाबदलीत बॉस्टनला पहिला क्रमांक मिळाला, तो त्यांनी फिलाडेल्फियाशी बदलून तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. २०१८ चा पिक आठवा निघाला तेव्हा गार्नेट आणि पिअर्स दोघेही निवृत्त झाले होते. ब्राउन आणि टेटम यांनी २०२४ मध्ये बॉस्टनला विजेतेपद मिळवून दिलं.

आणि हे फक्त मोठ्या नावांच्या सौद्यांत होतं असंही नाही. याच संघाने, तेव्हा न्यू जर्सीत असताना, मार्च २०१२ मध्ये जेराल्ड वॉलेससाठी पहिल्या तीन क्रमांकांपुरतं संरक्षण ठेवून पिक दिला. तो सहावा ठरला, पोर्टलँडने डेमियन लिलार्ड घेतला. त्याच्या आदल्या वर्षी क्लिपर्सनी बॅरन डेव्हिसचा जड करार गळ्यातून काढण्यासाठी बिनशर्त पिक क्लीव्हलँडला दिला. लॉटरीत त्याला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २.८ टक्के होती. मिळाला, आणि क्लीव्हलँडला कायरी अर्व्हिंग.

इथवरचं सार एवढंच: पिक किती महाग पडला हे सौद्याच्या दिवशी नाही, नंतर कळतं, आणि सौद्यानंतर तुम्ही खरोखर वर गेलात तरच तो स्वस्त पडतो. म्हणून पहिला प्रश्न 'हा सेंटर किती चांगला' हा नाही. 'हा आल्यावर आपण नक्की किती वर जाऊ, आणि किती वर्षं' हा आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे, ते. मिनेसोटाची दोन उदाहरणं मी नेहमी जोडीने देतो. २०१७ मध्ये ते ३१-५१ होते आणि २००४ नंतर प्लेऑफ पाहिली नव्हती. ड्राफ्टच्या रात्री त्यांनी लाव्हीन, क्रिस डन आणि सातवा पिक (त्यावर लाउरी मार्कानेन गेला) देऊन शिकागोकडून जिमी बटलर आणि १६ वा पिक घेतला. पुढच्या हंगामात ४७-३५, आणि शेवटच्या सामन्यात डेन्व्हरला जादा वेळेत हरवून प्लेऑफ. मग ह्यूस्टनकडून ४-१ ने हार, पाच-सहा महिन्यांत बटलरने ट्रेड मागितला, नोव्हेंबर २०१८ मध्ये तो गेलाही. हा सौदा चुकला का? ज्याने एवढी वर्षं वाट पाहून ती एक एप्रिलची रात्र पाहिली, त्याला 'चुकला' म्हणणं मला जड जातं. पण संघ म्हणून ते पुन्हा मागे गेले. बटलरच्या करारात खात्रीचे हंगाम थोडेच उरले होते, हे सौद्याच्या दिवशीही कागदावर लिहिलेलं होतं.

दुसरं, २०२२. रूडी गोबेअरसाठी पहिल्या फेरीचे चार पिक, एक अदलाबदल आणि बरेच खेळाडू. पहिल्या वर्षी ४२-४०, सगळीकडून टीका. दुसऱ्या वर्षी ५६-२६ आणि वेस्टची अंतिम फेरी, तिसऱ्या वर्षी पुन्हा तीच फेरी. हे जमलं कारण अँथनी एडवर्ड्स तेव्हा २० वर्षांचा होता आणि वर चढत होता. गोबेअर उतरणीला लागला तरी संघ खाली येणार नव्हता, म्हणून दिलेले पिक फार वर जाण्याचा धोका कमी होता. २०२३ चा १६ वा ठरला. तरुण तारा आधी, अनुभवी नंतर, हा क्रम तिथे पाळला गेला.

तुमचा २२ वर्षांचा गार्ड एडवर्ड्स आहे की लाव्हीन? माझ्या मते हाच तुमचा खरा प्रश्न आहे, आणि मी त्याचे सामने पाहिल्याशिवाय याचं उत्तर देणार नाही. बघताना गुणांकडे कमी लक्ष द्या. दोघे अंगावर आल्यावर तो काय करतो, बचावात त्याला समोरचे संघ शोधून शोधून गाठतात का, आणि तो कोर्टवर असताना सुमार साथीदारांसोबतसुद्धा संघ निदान बरोबरीत राहतो का, हे बघा.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. 'हरत राहा, वरचे पिक गोळा करा, एक दिवस सगळं जमेल' हा सल्लाही मला पटत नाही. २०१९ पासून लॉटरीत सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्केच संधी आहे, आणि तळाचा संघ पाचव्यापर्यंत घसरू शकतो. डेट्रॉइट २०२३ मध्ये लीगमध्ये शेवटचे होते, पाचवा पिक मिळाला. २०२४ मध्ये पुन्हा शेवटचे, सलग २८ पराभवांचा हंगाम, पुन्हा पाचवाच. शिवाय सतत हरणाऱ्या संघात तरुण मुलं वाईट सवयी शिकतात. बचावात मागे धावायचं नाही, पास दिला की चेंडू परत येणार नाही म्हणून स्वतःच मारायचा, चौथ्या क्वार्टरला मन आधीच बसमध्ये. हे मी जवळून पाहिलंय आणि त्याचं नुकसान कोणत्याही पिकने भरून निघत नाही. म्हणून तुमची तळमळ मला पूर्ण पटते. अनुभवी माणसं हवीतच.

मग त्यांची किंमत कशातून चुकवायची? हरणाऱ्या संघाकडे पिकशिवाय आणखी एक संपत्ती असते, तिच्याकडे चाहत्यांचं लक्ष जात नाही: सॅलरी कॅपमधली मोकळी जागा. तरुण मुलं रुकी करारावर (नव्या खेळाडूच्या पहिल्या करारावर) असतात, पहिल्या फेरीतल्या मुलाचा हा करार चार वर्षांपर्यंत चालतो आणि पगार ठरलेला, कमी. त्यामुळे जागा उरते. चांगल्या संघांकडे ती नसते आणि त्यासाठी ते किंमत द्यायला तयार असतात.

डेट्रॉइटने २०२४ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच केलं. टोबायस हॅरिसला दोन वर्षांसाठी सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर. मलिक बीझलीला एका वर्षासाठी ६० लाख. आणि डॅलसला टिम हार्डवे ज्युनियरचा पगार हलवायचा होता, तर डेट्रॉइटने क्वेंटिन ग्राइम्स देऊन हार्डवे घेतला आणि वर डॅलसकडून दुसऱ्या फेरीचे तीन पिक घेतले. म्हणजे अनुभवी खेळाडूही आला आणि पिकही आले. नवे प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ. निकाल: १४-६८ वरून थेट ४४-३८. बीझलीने हंगामात ३१९ तीन-गुणी मारले. केड कनिंगहॅम पहिल्यांदा ऑल-स्टार झाला, कारण त्याला आता कोर्टवर हलायला जागा होती. न्यूयॉर्ककडून पहिल्या फेरीत ४-२ ने हरले, पण पहिल्या फेरीचा स्वतःचा एकही पिक यासाठी खर्च झाला नाही.

ह्यूस्टनने २०२३ मध्ये हाच रस्ता धरला होता. २२-६० चा संघ, मोकळ्या जागेतून फ्रेड व्हॅनव्हीट आणि डिलन ब्रूक्स, प्रशिक्षक इमे उडोका. पुढचे दोन हंगाम ४१-४१ आणि ५२-३०. व्हॅनव्हीटला दिलेले तीन वर्षांचे सुमारे १३ कोटी डॉलर तेव्हा सगळ्यांना फार वाटले. मला नाही वाटले. करार तीन वर्षांत संपतो. पाच वर्षांनी जाणारा बिनशर्त पिक संपता संपत नाही.

या रस्त्याला एक मुदत असते, ती तुमच्या गार्डच्या वयात दडलेली आहे. तिसऱ्या हंगामात आहे म्हणजे त्याचा रुकी करार आणखी एकच वर्ष. त्यानंतर त्याचा पगार अनेक पटींनी वाढेल आणि मोकळी जागा संपेल. येणारा उन्हाळा हीच तुमची संधी. आत्ता फेब्रुवारीत ३१ वर्षांच्या सेंटरचा मोठा करार घेतलात तर पिकही जातील आणि ही जागाही जाईल.

समजा व्यवस्थापनाला ट्रेड करायचाच आहे. मी त्यांच्या जागी असतो तर आधी इतर संघांकडून मिळालेले पिक पुढे केले असते, स्वतःचे शेवटी. स्वतःचा द्यावाच लागला तर एकच, जवळच्या वर्षाचा, आणि पहिल्या चारपुरतं नाही तर निदान पहिल्या दहापर्यंत संरक्षण असलेला. संरक्षणाची एक अडचण लक्षात ठेवा. पिक यंदा गेला नाही तर पुढच्या वर्षी, तेव्हा नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी, अशी अट असते. तो कधी जाईल हे नक्की नसल्यामुळे स्टेपियनच्या नियमाने आजूबाजूच्या वर्षांचे पिकही बांधले जातात आणि पुढचा ट्रेड करायला हात मोकळे राहत नाहीत. म्हणून तीन वर्षं लांबणाऱ्या अटीपेक्षा 'यंदा गेला नाही तर दुसऱ्या फेरीचे दोन पिक घ्या आणि विषय संपवा' अशी अट मी मागतो. ती पुष्कळदा मिळतेही.

खेळाडूच्या बाबतीत मी ३१ ऐवजी २७-२८ चा बघेन, नाव थोडं लहान असलं तरी. तुमचा गार्ड २५-२६ चा होईल तेव्हा तो अजून ऐन भरात असेल. आणि तुमच्या प्रस्तावातला शूटर मात्र मला हवाय. नवख्या संघात कोपऱ्यात उभं राहून तीन-गुणी मारणारा एक भरवशाचा माणूस असला की गार्डसमोरची गर्दी पांगते आणि तो खरा किती चांगला आहे, हे तुम्हाला आणि व्यवस्थापनाला दोघांनाही कळतं. असा माणूस पहिल्या फेरीचा पिक न देता मिळतो.

त्यावरून तुमचा दुसरा प्रश्न. दुसऱ्या फेरीच्या पिकना किंमत आहे, पण ती त्या पिकवर कोण मिळेल यात कमी आणि सौदा जुळवण्यात जास्त. निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर गेला हे खरं आहे, पण त्या आशेवर कुणी संघ बांधत नाही. जानेवारी २०२३ मध्ये लेकर्सनी केंड्रिक नन आणि दुसऱ्या फेरीचे तीन पिक देऊन २४ वर्षांचा रुई हाचिमुरा घेतला. त्यांचा हंगाम २-१० ने सुरू झाला होता. मुदतीच्या आसपास रसेल वेस्टब्रूक आणि पहिल्या फेरीचा एक, पहिल्या चारपुरता संरक्षित पिक देऊन आणखी तीन उपयोगी खेळाडू आणले आणि मे महिन्यात ते वेस्टच्या अंतिम फेरीत होते. लेब्रॉन आणि अँथनी डेव्हिस तिथे आधीपासून होते, हे विसरू नका. तुमच्या संघाकडे दुसऱ्या फेरीचे किती पिक शिल्लक आहेत ते तपासा. हरणाऱ्या संघाचे असतील तर ते ३१ ते ३५ या क्रमांकांचे असतात आणि त्यांना चांगली मागणी असते. त्यातल्या दोनांत तो शूटर मिळायला हवा.